बेंबीचा हर्निया दुरुस्त करताना बेंबीचं रूप कसं राखावं: नव्या सर्जनसाठी मार्गदर्शक

बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन निवासी डॉक्टरच्या वाट्याला लवकर येतं. डिफेक्ट (पोटाच्या भिंतीतलं भोक) लहान असतो, आतड्याला सहसा हात लावावा लागत नाही, म्हणून ते सोपं समजलं जातं. भोक बुजवणं खरंच फार अवघड नाही. अवघड आहे ती त्यावरची पातळ, ताणलेली, हर्नियाच्या पिशवीला (भोकातून बाहेर आलेल्या पोटाच्या आतल्या अस्तराला) चिकटलेली कातडी जिवंत ठेवणं आणि ती पुन्हा खोलगट, मध्यावर, सरळ बसवणं. व्रण लहान ठेवला की काम सुंदर झालं, असा एक समज आहे. बेंबीच्या बाबतीत तो खरा नाही. चार सेंटिमीटरचा व्रण बेंबीच्या घडीत लपला तर कुणाला दिसत नाही. पण सपाट झालेली, एका बाजूला ओढली गेलेली किंवा बाहेर लोंबणारी बेंबी कपडे बदलताना पेशंटला रोज दिसते.

इथे फक्त मोठ्या माणसांमधल्या, ४ सेंमीपर्यंतच्या, न अडकलेल्या हर्नियाच्या ओपन (बाहेरून चीर घेऊन केलेल्या) दुरुस्तीचा विचार केला आहे. हर्निया अडकला असेल, कातडी लाल-निळी झाली असेल, उलट्या होत असतील तर रूपाचा विचार बाजूला ठेवा आणि नीट दिसेल एवढी मोठी चीर घ्या. आणि हे ऑपरेशन कितीही छोटं वाटलं तरी सुरुवातीला समोर सीनिअर उभा असायलाच हवा.

कुणाचं ऑपरेशन आत्ता करू नये

लहान मुलांमधला बहुतेक बेंबीचा हर्निया चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. त्यावर नाणं बांधायची पद्धत अजून आहे. त्याने हर्निया बरा होत नाही, खालची कातडी मात्र सोलवटते. आईवडिलांना हे ओपीडीतच समजावून सांगा.

मोठ्यांमध्ये, लवकरच गर्भारपणाचा विचार असेल आणि हर्निया त्रास देत नसेल तर थांबलेलं बरं. यकृताच्या आजारामुळे पोटात पाणी असेल तर आधी पाणी आटोक्यात आणा, नाहीतर टाक्यांमधून ते झिरपत राहील. बीएमआय ३५च्या वर असेल तर शक्य तेवढं वजन उतरवून घ्या. साखर आटोक्यात हवी.

तंबाखूबद्दल नेमकं विचारा. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला बाई "नाही" म्हणेल आणि ते खरंच असेल, पण ती रोज दोन वेळा मिश्री लावत असेल. निकोटीन तोंडातून गेलं तरी कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतातच, आणि आपलं सगळं काम त्याच वाहिन्यांवर अवलंबून आहे. मिश्री, गुटखा, विडी सगळं निदान ४ ते ६ आठवडे आधी बंद करायला सांगा.

ऑपरेशनआधी: पेशंटला उभं करून बघा

आडवं झोपल्यावर हर्निया आत जातो, कातडी सैल पडते आणि बेंबीची खरी जागा कळत नाही. म्हणून उभं असताना तपासा. स्किन मार्करने छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून प्युबिसपर्यंत (ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत) मध्यरेषा काढा. टेबलावर रिट्रॅक्टरची ओढ लागली की मध्य कुठे होता ते अंदाजाने सांगता येत नाही, विशेषतः जाड पोटावर. पेशंटच्या परवानगीने समोरून आणि बाजूने एकेक फोटो घ्या.

मग मान थोडी उचलायला सांगून दोन्ही रेक्टस स्नायूंमधलं (मध्यरेषेच्या दोन बाजूंच्या उभ्या स्नायूंमधलं) अंतर बघा. ते २ सेंमीपेक्षा जास्त असेल तर डायस्टॅसिस आहे, म्हणजे हे स्नायू एकमेकांपासून दूर सरकले आहेत. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये हे नेहमी सापडतं. अशा विरळ झालेल्या फॅशियावर (पोटाच्या भिंतीतल्या मजबूत पांढऱ्या थरावर) नुसते टाके घातले तर हर्निया परत येण्याचा धोका वाढतो. शिवाय डायस्टॅसिसचा फुगवटा बेंबीच्या ऑपरेशनने जाणार नाही, हे पेशंटला आधी सांगितलं नाही तर ऑपरेशननंतर तो फुगवटाच तुमच्या नावावर जमा होतो.

संमतीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: बेंबीचा आकार बदलेल, कातडी काळी पडून काही भाग गळू शकतो, क्वचित बेंबी काढावी लागू शकते.

बेंबीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा मळ असतो, कधी कडक खडाही. तो ऑपरेशन टेबलावर उकरून काढू नका, कातडी खरचटते. आदल्या दिवशीपासून ओल्या कापसाच्या बोळ्याने हळूहळू साफ करून घ्या. कातडीवर पुरळ किंवा चिघळलेलं असेल तर तारीख पुढे ढकला. केस काढायचेच असतील तर क्लिपरने, रेझरने नाही. चिरेपूर्वी तासाभराच्या आत सेफॅझोलिन २ ग्रॅम शिरेतून.

टेबलावर काय हवं

१५ नंबरचं ब्लेड, दोन बारीक स्किन हुक, दातांचं बारीक फोर्सेप्स, वाकडी आर्टरी फोर्सेप्स, टोकदार नसलेली नाजूक कात्री, दोन लहान लँगेनबेक, चार अॅलिस किंवा कोखर, निर्जंतुक पट्टी. टाक्यांसाठी २-० पीडीएस, ३-० व्हिक्रिल, ४-० मोनोक्रिल (तिन्ही विरघळणारे धागे; आकडा जाडीचा). मेश (भोकाला आधार देणारी जाळी): मोठ्या छिद्रांची, हलकी, सपाट पॉलिप्रॉपिलीन. साधं दातांचं जाड फोर्सेप्स कातडीला लावू नका. बेंबीची कातडी चिमटली की दुसऱ्या दिवशी तिथेच काळा ठिपका दिसतो.

भूल

लहान हर्निया आणि शांत पेशंट असेल तर लोकल पुरते. लिग्नोकेनची कमाल मात्रा नुसतं असताना किलोमागे ४.५ मिग्रॅ, अॅड्रेनलिनसह ७ मिग्रॅ. म्हणजे ६० किलोच्या माणसाला नुसतं १ टक्क्याचं २७ मिली, अॅड्रेनलिनसह ४२ मिली. हातात २ टक्क्यांची बाटली असेल तर तेवढंच सलाइन घालून पातळ करा आणि हिशेब मिलिग्रॅममध्ये करा. चुका होतात त्या मिलीमध्ये मोजल्यामुळे. आधी बेंबीभोवती कातडीखाली, मग चारही दिशांना फॅशियाखाली, आणि शेवटी पिशवीच्या गळ्याशी द्या. गळा बधिर केला नाही तर पिशवी ओढताक्षणी पेशंट कळवळतो. अॅड्रेनलिन वापरलं तर शेवटी कातडी पांढरी दिसेल, आणि ती औषधाने पांढरी आहे की रक्त तुटल्याने, हे ओळखणं कठीण जातं. म्हणून प्रत्यक्ष बेंबीच्या कातडीत ते टाळा.

चीर कुठे आणि किती

बेंबीच्या कातडीला रक्त दोन वाटांनी येतं: चहूबाजूंनी कातडीखालच्या जाळ्यातून, आणि खालून देठातून, म्हणजे बेंबी फॅशियाला जिथे जोडलेली असते त्या भागातून. हर्निया दुरुस्त करताना आपण देठ फॅशियापासून सोडवतो, म्हणजे खालची वाट बंद होते. उरते ती फक्त बाजूची. आता चीर जितकी गोल फिरवाल तितकी हीही वाट तुटत जाते. म्हणून गोल चीर अर्ध्या वर्तुळाच्या पुढे कधीही नेऊ नका. घड्याळाच्या भाषेत ३ पासून ६ वरून ९ पर्यंत, बस. जागा कमी पडली तर गोलाई वाढवण्याऐवजी चिरेच्या एका टोकापासून मध्यरेषेपासून दूर, आडवी थोडी वाढवा.

ही चीर बेंबीच्या खालच्या काठाच्या आतल्या उतारावर घ्या. पुष्कळ जण ती काठापासून एक सेंटिमीटर खाली, सपाट पोटावर घेतात. तिथे काम सोपं जातं, पण व्रण हसऱ्या तोंडासारखा कायम दिसतो. स्किन हुकने काठ बाहेर ओढून आतला उतार उघडा आणि तिथे ब्लेड चालवा. हुक सोडला की चीर आत गडप झाली पाहिजे.

कातडी फार ताणलेली, बाहेर लोंबणारी असेल तर बेंबीतूनच उभी, मध्यरेषेवर चीर घ्यावी. ती परिघाला फक्त वर आणि खाली छेदते, दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. जादा कातडी दोन्ही कडांवरून थोडी काढता येते आणि व्रण खोलगट भागात बसतो. अशा बेंबीसाठी आमची पसंती याच चिरेला आहे.

देठ सोडवणं

सगळ्यात घाई इथेच होते, आणि बेंबी बिघडते तीही इथेच.

चिरेतून सरळ फॅशियापर्यंत जा, देठाच्या दोन्ही बाजूंनी. चरबी कात्रीने पसरवत गेलात तर फॅशियाचा पांढरा चकचकीत थर लगेच दिसतो. मग वाकडी आर्टरी फोर्सेप्स फॅशियाला घासत देठाच्या मागून फिरवा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. आता पूर्ण देठ, म्हणजे वरची कातडी आणि आतली पिशवी, फोर्सेप्सवर तोललेला असतो.

डाव्या हाताची तर्जनी बाहेरून बेंबीच्या कातडीवर ठेवा आणि ती खाली ढकला. कातडी किती पातळ आहे हे बोटाला कळत राहतं. कात्रीची टोकं नेहमी पिशवीकडे, कातडीकडे कधीच नाही. कातडीजवळ कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवणारं साधन) वापरू नका. लागलीच तर अगदी कमी पॉवरवर, क्षणभर. भाजलेली कातडी टेबलावर चांगली दिसते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काळी पडते.

पिशवीचा शेंडा कातडीच्या तळाशी घट्ट चिकटलेला असतो. तो सोडवायचा हट्ट धरू नका. शेंड्याच्या खाली, बाजूने पिशवी उघडा, आत काय आहे ते बघा आणि शेंड्याचा छोटा तुकडा कातडीलाच राहू द्या. त्याने काही बिघडत नाही. कातडीला भोक पडलं तर मात्र बिघडतं: बेंबीतले जंतू थेट मेशच्या वाटेवर येतात. भोक पडलंच तर आतून ४-० किंवा ५-० विरघळणाऱ्या टाक्याने लगेच बंद करा, हातमोजे बदला, आणि मेशचा निर्णय सीनिअरला विचारून घ्या.

पिशवीत बहुधा ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) असतं. ते आत ढकलता आलं तर ढकला. चिकटलेलं असेल तर बांधून कापा. कापलेल्या टोकातून रक्त येत नाही हे बघूनच आत सोडा, कारण आत गेलेलं टोक पुन्हा सापडत नाही.

डिफेक्ट, मेश आणि मजबुती

डिफेक्ट पट्टीने मोजा. बोट घालून आतून चहूबाजूंनी चाचपा. वरच्या बाजूला लिनिया अल्बात (मध्यरेषेवरच्या फॅशियाच्या पट्ट्यात) आणखी एखादं लहान भोक नेहमी निसटतं.

युरोपियन हर्निया सोसायटी आणि अमेरिकाज हर्निया सोसायटी यांच्या २०२०च्या संयुक्त मार्गदर्शक सूचना ओपन दुरुस्तीत मेश वापरायला सांगतात; १ सेंमीपेक्षा लहान डिफेक्टमध्ये नुसत्या टाक्यांचा विचार करता येतो. २०१८ साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या युरोपातल्या चाचणीत १ ते ४ सेंमीच्या हर्नियाचे ३०० पेशंट होते. जास्तीत जास्त अडीच वर्षांच्या पाठपुराव्यात हर्निया परत आला तो मेशवाल्यांमध्ये ४ टक्क्यांत, टाकेवाल्यांमध्ये १२ टक्क्यांत. रूपाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे, कारण परत आलेल्या हर्नियात तीच कातडी दुसऱ्यांदा सोडवावी लागते, आणि त्या वेळी ती वाचवणं फार कठीण जातं. विल्यम मेयो यांनी १९०१ साली मांडलेली फॅशियाची एकावर एक घडी आता मागे पडली आहे. त्या घडीत ताण येतो आणि तो ताणच टाके कापतो.

मेश पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या पातळ अस्तराच्या) बाहेर, फॅशियाच्या आत घाला, म्हणजे कातडीपासून ती दूर राहते. १ ते ४ सेंमीच्या डिफेक्टला चहूबाजूंनी ३ सेंमी जास्त हवी. २ सेंमीचा डिफेक्ट असेल तर मेशचा व्यास ८ सेंमी. तेवढी जागा बोटाने करावी लागते. फॅशियाच्या कडा अॅलिसने उचला, कडांशी चिकटलेलं पेरिटोनियम नीट सोडवा, मग बोट गोल फिरवा. मध्यरेषेवर वर-खाली चरबी असल्याने वाट सहज मिळते. बाजूला पेरिटोनियम पातळ आणि चिकट असतं, तिथे फाटतं. ओला गॉझ आत ढकलून जागा रुंद करता येते, पण तो मोजणीत धरा. पेरिटोनियम फाटलं तर ३-० व्हिक्रिलने शिवा. साधी पॉलिप्रॉपिलीन मेश आतड्याला लागता कामा नये.

मेश सपाट पसरली आहे हे बोटाने तपासा. कड दुमडली तर बारीक माणसाला ती नंतर गाठीसारखी लागते. मग तिच्यावर फॅशिया बंद करा, उभा की आडवा हे ज्या दिशेला ताण कमी पडेल त्यावर ठरवा. इथे एक बारकावा: न विरघळणाऱ्या जाड धाग्याच्या कडक गाठी बारीक पेशंटमध्ये बेंबीच्या तळाशी टोचतात, कधी महिन्यांनी कातडीतून बाहेर डोकावतात. म्हणून २-० पीडीएस बरं. ते विरघळायला सहा महिने लागतात, तोवर फॅशिया जुळलेली असते. गाठी बाजूला वळवा, वर उभ्या ठेवू नका.

बेंबी पुन्हा बांधणं

आधी कातडीचा रंग बघा. गुलाबी असेल तर पुढे जा.

बेंबीची कातडी बोटाने आतून उलटी करा आणि तळाचा सगळ्यात खोल बिंदू शोधा. तिथे ३-० व्हिक्रिलने फक्त आतला डर्मिस (कातडीचा खालचा थर) पकडा. सुई बाहेर कातडीतून दिसता कामा नये. दिसली तर काढून पुन्हा घाला, कारण तो टाका पुढे नासूर बनतो. दुसरी पकड बंद केलेल्या फॅशियावर, तुम्ही आखलेल्या मध्यरेषेवर घ्या. फॅशियाचा वरचा थरच पकडा, खालच्या मेशपर्यंत जाऊ नका. गाठ आवळण्याआधी रिट्रॅक्टर काढा, कातडी मोकळी सोडा आणि बेंबी मध्यावर येते का ते समोरून, पायाकडे उभं राहून बघा.

एकच टाका घातला तर बेंबी गोल खळीसारखी होते. बघायला बरी दिसते ती किंचित उभट, वरच्या कडेची कातडी थोडी झाकणाऱ्या घडीची. त्यासाठी वरची कातडी सैल राहू द्या, आणि खालच्या कडेचा डर्मिस आणखी एका-दोन टाक्यांनी फॅशियाला उतरता जोडा. जाड पोटावर खोली जास्त असते. तिथे टाका फार ओढला तर कातडी पांढरी पडते. तसं झालं तर गाठ सोडा आणि थोड्या कमी खोलीवर समाधान माना.

जादा कातडी कापायचा मोह होतो. थोडी सुरकुती आपोआप आकसते, म्हणून नवख्या हाताने कमीच कापावं. जास्त कापली तर बेंबी सपाट होते, आणि सपाट बेंबीला पुन्हा खोली देणं हे जादा कातडी नंतर काढण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

चरबीचा पोकळ भाग ३-० व्हिक्रिलच्या दोन-तीन टाक्यांनी मिटवा. कातडी ४-० मोनोक्रिलने आतून शिवा, दोन्ही टोकांच्या गाठी पुरलेल्या. वर पॅराफिन गॉझ आणि त्यावर रिठ्याएवढी कापसाची गोळी, बेंबीत बसेल पण दाबणार नाही अशी. ही गोळी खोली टिकवते आणि खाली पाणी साचू देत नाही. ती ५ ते ७ दिवस ठेवा. भिजली तर बदला.

काय बिघडतं

सेरोमा (जखमेखाली साचलेलं पाणी): आठवड्याभरात बेंबी पुन्हा फुगते आणि पेशंट घाबरून येतो, हर्निया परत आला म्हणून. खोकल्यावर वाढत नसेल, आत जात नसेल तर सोनोग्राफीने खात्री करा. बहुतेक सेरोमा आपोआप जिरतात. उगाच सुई घालून मेशपर्यंत जंतू नेऊ नका.

निळी पडलेली कातडी: पहिल्या दोन दिवसांत दिसली तर गोळी काढा, घट्ट टाके सैल करा. काळी झाली तरी लगेच कापायला धावू नका. किती भाग खरंच मेला आहे ते स्पष्ट होऊ द्या. छोटा काळा भाग गळून जखम आपोआप भरते आणि आकसून पुष्कळदा बरी खळी तयार होते. पू किंवा ताप असेल तर मात्र थांबायचं नाही.

बेंबी तिरकी: मध्यरेषा आधी आखली नव्हती, दुसरं कारण सहसा नसतं.

बेंबी वर आलेली: तळाचा टाका सुटला किंवा फक्त चरबीत घेतला होता.

दोन ठिकाणी जास्त सावध राहा

अॅब्डॉमिनोप्लास्टीसोबत (पोटाची जादा कातडी काढण्याच्या ऑपरेशनसोबत) बेंबीचा हर्निया दुरुस्त करायचा असेल तर हिशेब उलटा होतो. तिथे बेंबीभोवती पूर्ण गोल चीर घेतलेली असते, म्हणजे बाजूची वाट बंद, आणि कातडी फक्त देठावर जगते. तोच देठ तुम्ही हर्नियासाठी सोडवलात तर बेंबी मरणार. अशा वेळी हर्निया लॅप्रोस्कोपीने (दुर्बिणीने) आतून दुरुस्त करा, किंवा देठाच्या एकाच बाजूने लिनिया अल्बा उघडून आत जा आणि बाकी देठाला हात लावू नका, किंवा दोन ऑपरेशनं वेगळी करा.

दुसरं, लॅप्रोस्कोपी म्हणजे आपोआप चांगलं रूप असं नाही. मोठ्या डिफेक्टमध्ये आणि जखम पिकण्याचा धोका असलेल्या पेशंटमध्ये ती उपयोगी आहे. पण ताणलेली कातडी बाहेर तशीच राहते, खाली पाणी साचतं आणि बेंबी फुगलेलीच दिसते. पेशंटला हे आधी माहीत हवं.

घरी गेल्यावर

पहिल्या दिवसापासून चालणं. ४८ तासांनंतर आंघोळ चालते, पण बेंबी नंतर टिपून कोरडी करायची. परकराची नाडी टाक्यांवर येऊ देऊ नका. तीन आठवडे गाऊन किंवा सैल कपडे. बेंबीत तेल घालायची सवय पुष्कळांना असते, तीही तेवढे दिवस बंद. हळद आणि घरगुती लेपही नकोत. पाण्याच्या कळश्या, गॅस सिलिंडर, जिममधलं वजन ४ ते ६ आठवडे उचलायचं नाही. बद्धकोष्ठ आणि खोकला यांवर लगेच औषध द्या.

जखम पूर्ण भरल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा पातळ लावा, दोन-तीन महिने. साडी नेसणाऱ्या बायकांमध्ये हा भाग उघडा राहतो, तिथे सनस्क्रीनही लावायला सांगा. व्रण पहिले तीन-चार महिने लालसर आणि कडक राहतो. हे आधी सांगितलं तर निम्मे फोन वाचतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत केलॉइडची (व्रणाच्या जादा वाढीची) शक्यता लक्षात ठेवा. छातीवर, कानाच्या पाळीवर जुना केलॉइड आहे का हे ऑपरेशनआधीच बघितलेलं असावं. व्रण खाजू लागला, वर येऊन मूळ कडेबाहेर पसरू लागला तर वाट न बघता त्यात ट्रायॅमसिनोलोनची इंजेक्शनं ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने सुरू करा.

तपासणी पहिल्या आठवड्यात, महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. प्रत्येक वेळी उभं करून, पहिल्याच कोनातून फोटो घ्या. बेंबीचा आकार पसंत नसेल तर दुरुस्तीचं छोटं ऑपरेशन करता येतं, पण सहा महिन्यांच्या आत नाही, आणि शक्यतो वर्ष झाल्यावरच. तोवर कातडी मऊ झालेली असते आणि किती काढायची ते नेमकं ठरवता येतं.